उसामाचं नेट

बाळापूरच्या जुन्या बाजारामागे एका गल्लीत उसामा शिंप्याचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. दुकानाला पाटी नाही, कारण तिची गरज पडत नाही. 'मुक्या टेलरकडे जायचंय' म्हटलं की कोणीही बोट दाखवतं. उसामा मुका नाही. तो बहिरा आहे. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि जाताना कान घेऊन गेला. आवाज शाबूत आहे. तो चिडला की तो आवाज पुढच्या गल्लीपर्यंत सगळ्यांना ऐकू जातो, त्याला सोडून. मुका आणि बहिरा यातला फरक लोकांना समजावून सांगणं त्याने फार पूर्वीच बंद केलं. पँटी नीट शिवाव्यात, बाकी लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं, अशी त्याची भूमिका.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण हलीमाबी. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली ती भावाचे कान होऊनच. गिऱ्हाईक काय म्हणतं ते ती ओठांनी आणि बोटांनी भावाला सांगायची, भाऊ काय म्हणतो ते तोंडाने गिऱ्हाइकाला. भाऊ गिऱ्हाइकाविषयी जे म्हणायचा ते सगळंच सांगायची असं नाही. म्हणून तर दुकान चाललं.

उसामाचा जगात एकच दोस्त होता. योगेश. दर्यापूरजवळच्या एका खेड्यातला कास्तकाराचा पोरगा, जन्मापासून बहिरा. दोघं अमरावतीच्या निवासी शाळेत एका बाकावर वाढले. त्या काळी मास्तरांचा आग्रह होता की मुलांनी तोंडानेच बोलायला शिकलं पाहिजे. म्हणून वर्गात हात बाकाखाली. शाळा सुटली की वसतिगृहाच्या आवारात पन्नास पोरांचे हात एकदम सुटायचे आणि जेवणाच्या घंटेपर्यंत थांबायचे नाहीत. घंटाही त्यांना कोणी तरी येऊन दाखवावी लागे. उसामाचं खरं शिक्षण झालं ते त्या आवारात.

शाळा संपली. एक बाळापूरला शिवायला बसला, एक दर्यापूरकडे कपाशीत गेला. मधे अंतर फार नव्हतं, पण फोन या वस्तूचा दोघांनाही काही उपयोग नव्हता. वर्षातून एखाद्या लग्नात नाही तर शाळेच्या मेळाव्यात भेट व्हायची. तेवढ्यात वर्षभराचं बोलून घ्यायचं. वर्षभराचं बोलणं एका दिवसात होत नाही. त्यामुळे दर वर्षी काही ना काही राहून जायचं.

मग नेट स्वस्त झालं. योगेशने मोठ्या पडद्याचा फोन घेतला आणि बायकोकडून हलीमाबीला निरोप धाडला, की उसामाला म्हणावं तूही घे, समोरासमोर बोलू. उसामाने फोन घेतला नाही. अकोल्यात एक कॉम्प्युटर क्लास बंद पडून सामान निघत होतं, तिथून तो एक जुना लॅपटॉप घेऊन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. फोन हातात धरला तर बोलायला एकच हात उरतो, आणि एका हाताने बोलणं म्हणजे तोंडात घास ठेवून बोलणं. लॅपटॉप मांडला की दोन्ही हात मोकळे. त्याची एका बाजूची बिजागरी तुटलेली होती. उसामाने पायजम्याची नाडी घालून पडदा मागे भिंतीच्या खिळ्याला बांधला.

नेट शेजारून मिळणार होतं. शेजारी खुशालराव. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, आता रिटायर. आयुष्यभर त्यांनी खांबांवर चढून अख्ख्या बाळापुरात फोन जोडले आणि भिंतीला भिंत लागलेल्या घरात त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला कुठे तरी लागली असावी. कारण हलीमाबीने विचारल्याबरोबर ते वायफायचा पासवर्ड सांगायला स्वतः आले. सांगितला उसामाला, आणि नेहमीप्रमाणे ओरडून. खुशालरावांचा असा समज होता की बहिऱ्या माणसाशी बोलताना निदान आपल्याकडून कसर राहू नये. त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना पासवर्ड कळला आणि संध्याकाळी तो बदलावा लागला.

पण लॅपटॉप काही नेट धरेना. कोपऱ्यात लाल फुली. खुशालरावांनी चष्मा लावून तो उलटा केला, सुलटा केला, वास घेतला.

"ओल आली असन याच्यात," ते म्हणाले.

"उन्हाळा हाय भाऊ," हलीमाबी म्हणाली.

"मंग काय झालं? लाइनीत ओल कवाही येते."

लॅपटॉप दोन दिवस उन्हात ठेवला. तिसऱ्या दिवशी तो पुसताना हलीमाबीचा अंगठा पुढच्या कडेला एका बारीक खटक्यावर पडला आणि तिथला लाल दिवा निळा झाला. वायफायचं बटणच बंद होतं. लाल फुली गेली. खुशालराव म्हणाले, "पाहा, ओल उडाली."

नेट आलं, पण टिकेना. योगेश पडद्यावर दिसायचा, हात वर करायचा आणि तसाच राहायचा. बोलणाऱ्यांच्या फोनला खरखर आली तर चार शब्द गाळून अर्थ लागतो. हातांच्या बोलण्यात चित्र अडकलं की वाक्य हवेत अडकतं. एकदा योगेश 'मायी म्हैस' एवढं म्हणून गोठला तो गोठलाच. पुढच्या शुक्रवारपर्यंत उसामाला कळलं नाही की म्हैस मेली, विकली की व्याली. व्याली होती. तो आठवडाभर उगाच तोंड पाडून शिवत होता.

खुशालरावांनी ठरवलं की दोष भिंतीचा आहे. मधल्या भिंतीला हलीमाबीचं लोखंडी कपाट टेकलेलं होतं, तिच्या लग्नातलं. ते हलवायचं म्हणजे आधी रिकामं करायचं, मग चार माणसं बोलवायची. हलीमाबी दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, हलवा. कपाट समोरच्या भिंतीला गेलं. त्याच्या मागे एक कैची, एक चांदीची तोरडी आणि मेलेली पाल निघाली. चित्र पूर्वीपेक्षा थोडं बरं झालं. म्हणजे योगेश आता पूर्ण वाक्य बोलून मग गोठायचा.

"लय जुना डबा हाय," खुशालराव अखेर हरून म्हणाले. "फेकून दे म्हना त्याले. नवा घे."

हलीमाबीने हे हातांनी सांगितलं. उसामाने जे उत्तर दिलं ते तिने खुशालरावांना सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी उसामा लॅपटॉप पिशवीत घालून अकोल्याला गेला. बसस्टँडमागे एका बोळात नाजिया नावाच्या बाईचं रिपेअरिंगचं दुकान होतं. तिशीची, शांत, तोंडात स्क्रू धरून काम करणारी. या माणसाला ऐकू येत नाही हे तिला कळलं तेव्हा ती ओरडली नाही, की हळूहळूही बोलली नाही. तिने फक्त टेबलावरचा दिवा स्वतःकडचा वळवून त्याच्याकडे केला, काय करते ते त्याला दिसावं म्हणून. उसामाला ती बाई तिथेच आवडली.

तिने लॅपटॉपचं पोट उघडलं. आत नखाएवढं एक कार्ड होतं. त्याला दोन बारीक वायरी, एक काळी, एक पांढरी. काळी लागलेली, पांढरी सुटून बाजूला पडलेली. या वायरी बिजागरीतून वर पडद्यात जातात आणि तिथून हवेतलं नेट पकडतात, हे तिने बोट फिरवून दाखवलं. बिजागरी तुटली, पडदा मागे ओढला गेला, वायर उखडली. उसामाने खिळा आणि नाडी आठवून मान खाली घातली. तिने वायर चिमट्याने दाबून बसवली, बिजागरी बदलली आणि मग पडद्यावर कुठे कुठे शिरून एका चौकोनातली खूण काढून टाकली. बॅटरी वाचवायला हा लॅपटॉप मधूनच वायफाय झोपवत होता. आता झोपवणार नाही.

मग तिने फोनवर मराठीत लिहून त्याला वाचायला दिलं, 'चित्र अडकलं तर नीट बघायचं. नेट गेलं असेल तर सगळंच अडकतं. माणूस, मागची भिंत, पंखा, सगळं.' उसामाने ते दोनदा वाचलं आणि मान हलवली.

त्यानंतर दर शुक्रवारी, नमाज करून आला की उसामा शटर अर्धं ओढायचा आणि लॅपटॉप मांडायचा. तिकडे योगेश शेतातून घरी आलेला असायचा. तो फोन धान्याच्या डब्याला टेकवून खाटेवर बसायचा. मागे टेबलपंखा, आणि भिंतीवर पंख्याच्या वाऱ्याने फडफडणारं कॅलेंडर. हातांच्या भाषेला वऱ्हाडी हेल नसतो असं कोणी म्हणेल, पण योगेशचे हात अस्सल दर्यापूरचे होते. तुटक, रोखठोक, मधे एखादी शिवी. दोघं तासन्‌तास बोलायचे. म्हशीविषयी, बायकोविषयी, शाळेतल्या एका मास्तराच्या विगविषयी. राहून गेलेलं सगळं बोलून झालं तरी बोलणं संपलं नाही, याचं उसामाला नवल वाटायचं.

ते साल होतं दोन हजार सतराचं. पाऊस लहरी झाला आणि कपाशी मात्र वाढतच गेली. माणूस आत शिरला की दिसायचा नाही. अळीचं भय होतं. ज्याला त्याला कोणी ना कोणी नवं औषध सांगत होतं, आणि लोक दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळून मारत होते. झाड डोक्याच्या वर, म्हणून नळी वर धरायची, आणि फवारा वाऱ्याबरोबर स्वतःच्याच तोंडावर यायचा. यवतमाळकडे फवारणी करता करता माणसं गेल्याच्या बातम्या येऊ लागल्या. हलीमाबीने पेपरातली एक बातमी उसामाला हातांनी सांगितली होती. त्याने हात हलवून विचारलं होतं, 'यवतमाळ किती दूर?' आणि पुन्हा शर्टाची काजं करायला लागला होता.

त्या शुक्रवारी योगेश पडद्यावर आला तोच कुरकुरत.

'तुयं नेट बिघडलं,' त्याचे हात म्हणाले. 'धुरकट दिसून राहिलास.'

उसामाला हे लागलं. कपाट हलवलं, अकोल्याला जाऊन आला, बिजागरी बदलली, आणि आता हा म्हणतो नेट बिघडलं.

'मायं नेट चांगलं हाय. तुयाच फोनची काच पूस.'

योगेशने सदऱ्याने काच पुसली. 'तरी धुरकट. तुयी दोन तोंडं दिसतात. एकच पुष्कळ हाय.'

'तू काय बोलतोस ते मलेही नीट दिसत नाही,' उसामा म्हणाला. 'तुये हात तुटून राहिले. म्हंजे तुयंच नेट खराब.'

आणि खरंच, योगेशचे हात तुटत होते. खुणा अर्ध्यावर झटका खाऊन भलतीकडेच जात होत्या. 'पाणी' म्हणताना बोटं हनुवटीला लागायच्या ऐवजी नाकाला लागली. दोघं थोडा वेळ नेटावरून भांडले. योगेश नेहमीपेक्षा लवकर थकला आणि त्याने हात मांडीवर टाकले. मांडीवरही ते हलत होते.

उसामाने त्याच्या मागे पाहिलं. कॅलेंडर फडफडत होतं. एकसारखं, सळसळ, कुठेही न अडकता. पंख्याचं पातं गोल फिरत होतं. सगळं वाहत्या पाण्यासारखं चालू होतं, फक्त माणूस तेवढा अडखळत होता.

उसामा पडद्याजवळ सरकला.

'फवारलं काय?' त्याने विचारलं.

'परवापासून. आज सकाळीबी.'

'तोंडाले फडकं?'

'लय गरम होते.'

'घाम कावून इतका?'

योगेशने कपाळावरून हात फिरवला आणि ओल्या हाताकडे बघत राहिला. पंखा तर थेट अंगावर होता. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, तीही त्याला कळली नाही.

उसामा ओरडला. त्याला स्वतःला ते कळलं नाही, पण हलीमाबी हातातला कणकेचा गोळा घेऊनच दुकानात आली आणि पलीकडून खुशालराव. उसामाने पडद्याकडे बोट केलं आणि पंपाची खूण केली, मग हातांच्या थरथरण्याची. हलीमाबीला पेपरातली बातमी आठवली. तिने पिठाच्या हाताने फोन उचलला. योगेशच्या बायकोचा, वर्षालीचा, नंबर तिच्याकडे होता.

वर्षाली बाजूच्या वावरात तण निंदायला गेली होती. "काय झालं बाई?" तिने विचारलं. "सकाळी फवारून आल्यावर म्हने डोकं दुखते, ऊन लागलं असन. म्हनून घरी ठेवलं."

"ऊन नाही बेटा. फवारनीचं जहर चढलं त्याले. आमी इथून पाहून राहिलो. हात थरथर करते, लाळ गळून राहिली. धाव पहिले."

"तुमी बाळापुरातून पाहून राहिले?"

"हो. धाव म्हनते ना!"

खुशालराव हलीमाबीच्या फोनमध्ये तोंड घालून ओरडले, "कपडे काढा त्याचे! साबनानं धुवा! दूध-बीध पाजू नका! दवाखान्यात न्या!" त्यांच्या भाच्याला एकदा असं झालं होतं. या वेळी त्यांच्या ओरडण्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

इकडे उसामाने योगेशला धरून ठेवलं होतं. म्हणजे पडद्यावर जेवढं धरता येतं तेवढं.

'सदरा काढ.'

'कावून?'

'औषध हाय त्याच्यावर. काढ.'

'तुयासमोर?'

'काढ बे!'

योगेशने बटणं शोधली. ती त्याच्या बोटांना सापडली नाहीत. मग तो खाटेवरून उठला, दोन पावलं गेला आणि पडद्याच्या बाहेर खाली बसला की पडला ते दिसलं नाही. पडद्यावर रिकामी खाट, पंखा आणि फडफडणारं कॅलेंडर. उसामा हात वर करून बसला होता, समोर कोणीच नव्हतं. ज्याच्याशी हातांनी बोलायचं तो बघत नसेल तर हाक मारायची सोय नसते. उसामाने तरीही लॅपटॉपच्या टेबलावर मुठी आपटल्या, वसतिगृहात एकमेकांना बोलवायला जमिनीवर आपटायचे तशा. टेबल बाळापुरात हललं.

मग पडद्यावर वर्षालीचा चेहरा आला. पदर कमरेला खोचलेला, हात मातीचे. ती तोंडाने भराभर काही तरी बोलली, मग त्याला ऐकू येत नाही हे आठवून थांबली आणि दोन्ही हात जोडून निघून गेली. फोन डब्यावरून आडवा झाला. त्यानंतर छताचे टिनपत्रे दिसत राहिले. नेट एकदाही तुटलं नाही. उसामा त्या पत्र्यांकडे बघत बसला, तिकडच्या फोनची बॅटरी संपेपर्यंत.

गावातल्या एका जीपमधून योगेशला दर्यापूरला नेलं, तिथून अॅम्ब्युलन्सने अमरावतीला. डॉक्टर वर्षालीला म्हणाले, वेळेवर आणलं. आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी उसामा आणि हलीमाबी अमरावतीला पोचले. दवाखान्यात योगेशसारखे आणखी होते. प्रत्येकाच्या उशाशी एक घाबरलेली बाई. जहर उतरवायच्या औषधाने योगेशच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि त्याला काही स्पष्ट दिसत नव्हतं. औषधाच्या गुंगीत माणूस हातपाय झाडतो, सलाइन ओढून काढतो, म्हणून त्याचे दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधले होते. सगळ्यांचेच बांधले होते. त्यात कोणाची चूक नव्हती.

उसामा दारातच थांबला. मग त्याने हलीमाबीचा दंड धरला आणि इतक्या जोरात हात चालवले की तिला तोंडाने भाषांतर करायला दम लागला.

"सिस्टर," ती नर्सला म्हणाली, "हा म्हनते, त्याचे हात बांधले म्हंजे तुमी त्याचं तोंड बांधलं. तो हातानं बोलते. कुठं दुखते ते तो तुमाले सांगून राहिला असन, अन् तुमाले वाटते झाडून राहिला."

नर्सने योगेशच्या हातांकडे पाहिलं. पट्टीखाली बोटं खरंच चालू होती. तिने थोडा विचार केला, ज्या हाताला सलाइन नव्हतं तो सोडला आणि उसामाला म्हणाली, "तुम्ही इथंच बसा, धरून ठेवा." हलीमाबीने सांगायच्या आधीच तो बसला होता.

योगेशला दिसत नव्हतं. म्हणून उसामाने त्याचा पंजा आपल्या पंजात घेतला आणि त्याच्या तळव्यावर बोटाने अक्षर काढलं. 'उ'. योगेशची बोटं थांबली. मग त्याने उसामाचा तळवा चाचपला आणि अडखळत, खूप वेळ लावून, एक शब्द लिहिला. उसामा हसला आणि रडला, दोन्ही.

"काय म्हनला?" हलीमाबीने विचारलं.

उसामाने सांगितलं. योगेशने शिवी दिली होती. हलीमाबीने ती नर्सला सांगितली नाही.

तो आठवडा उसामा दवाखान्यातच राहिला. कुठे दुखतं, पोटात काय होतं, पाणी हवं की नको, सगळं योगेश त्याच्या तळव्यावर सांगायचा आणि हलीमाबी डॉक्टरांना. दुकान बंद होतं. बाळापुरात एका नवरदेवाचा कोट अर्धा राहिला आणि त्याने तो तसाच, एका बाहीचं अस्तर बाहेर असलेला, घालून लग्न केलं, असं म्हणतात.

योगेश घरी गेला. दृष्टी हळूहळू स्वच्छ झाली, हाताचं थरथरणं मात्र पुष्कळ दिवस टिकलं. त्यामुळे तो बोलताना बोबडा वाटायचा. उसामा त्याची नक्कल करायचा, आणि योगेश फोन बंद करायचा. त्या वर्षीची कपाशी शेवटी अळीने खाल्ली ती खाल्लीच. वर्षालीने पंप शेजाऱ्याला देऊन टाकला आणि पुढच्या हंगामाला अर्ध्या वावरात हरभरा टाकायचं ठरवलं. योगेशला विचारलं नाही. कळल्यावर त्याने हो म्हटलं.

थंडी पडल्यावर योगेश बाळापूरला आला, पहिल्यांदाच. दवाखान्याने त्याला एवढा वाळवला होता की पँट कमरेत राहीना. उसामाने त्याला दुकानात उभं करून माप घेतलं, टेप मागून पुढे आणली आणि मान हलवली. मग दोघं समोरासमोर बसले. लॅपटॉप बंद होता. हलीमाबीने चहा आणून ठेवला. चहा प्यायला हात लागतात आणि दोघांचेही हात रिकामे नव्हते. चहावर साय धरली.

खुशालराव दारातून डोकावले आणि ओरडून म्हणाले, "काय बे, कसं काय आता?"

दोघांपैकी कोणीही वर पाहिलं नाही. योगेश म्हशीच्या वगारीविषयी सांगत होता, आणि उसामाला ते शेवटपर्यंत ऐकायचं होतं.